टोकियोचं ज्युदो ग्रँड स्लॅम: तिकीट काढाल तर सकाळपासून बसा

व्हिसाच्या वेळीच लेकीने विचारलं होतं, "आई, इथे काय काय बघायचंय ते आत्ताच सांग, मी सुट्ट्या तशा टाकते." तिच्या स्वतःच्या यादीत फुजी, क्योटो, निक्को होतं. माझ्या यादीत एकच ओळ: डिसेंबरातलं ज्युदोचं ग्रँड स्लॅम, म्हणजे तिथली मोठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा. बाकी काही दाखवलं नाहीस तरी चालेल म्हटलं, पण ते चुकवायचं नाही.

तर ते बघून आले. ज्यांची मुलं तिकडे आहेत आणि आलेल्या आईबाबांना शनिवारी कुठे न्यायचं हा प्रश्न आहे, त्यांना उपयोग व्हावा म्हणून सविस्तर लिहिते.

मी कराडला शाळेत खेळाची शिक्षिका होते. त्याआधी, नव्वदच्या दशकात, 48 किलोत राज्य पातळीपर्यंत खेळले. "पर्यंत" म्हणजे तिथे पहिल्याच फेरीत पाठ टेकली. आमच्या वेळी मॅट कसली, भुसा भरलेली पोती ओळीने मांडायची आणि वर ताडपत्री ताणायची. दोन पोत्यांच्या फटीत पाय गेला की घोटा गेलाच. ड्रेस गावच्या शिंप्याने जाड चादरीचा शिवलेला. पहिल्याच दिवशी बाही खांद्यातून उसवली, तर तो म्हणाला, "ताई, कापड ओढायचं नसतं, घालायचं असतं." त्याला ज्युदो समजावून सांगायचा नाद मी तिथेच सोडला.

माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसले होते आमचे हे. साखर कारखान्यातून निवृत्त, पण तरुणपणी लाल मातीतले. कान बघितले की कळतं. त्यांच्या मते ज्युदो म्हणजे "कपडे घालून कुस्ती, आणि तीबी अर्धी". तेव्हा हे परीक्षण एकाचं नाही, दोघांचं समजा.

तिकिटाचं आधी सांगते, कारण तिथे मी शहाणपणा केला. लेकीला कामातून वेळ नाही म्हणून कराडहूनच तिकिटं परत विकणाऱ्या कुठल्याशा साइटवर पैसे भरून टाकले. ईमेल आला, उघडला, तर तारीखच वेगळी. पत्र लिहिलं तर उत्तर नाही. लेकीने महिनाभर भांडून निम्मे पैसे सोडवले. मग तिने जपानीतून रीतसर बुकिंग केलं आणि घराजवळच्या कोन्बिनीत (म्हणजे चोवीस तास उघडं असणारं ते छोटं दुकान) यंत्रावर नंबर टाकून कागदी तिकिटं काढून आणली. किती पडलं म्हणून विचारलं तर म्हणाली, "आई, इथे आल्यावर रुपयांत हिशोब करायचा नाही असं ठरलंय आपलं." त्यामुळे किमतीबद्दल मला विचारू नका. सगळ्यात वरच्या रांगेचं होतं एवढं खरं. तुम्ही मात्र ओळखीच्या कोणाला तरी जपानीतूनच काढायला सांगा.

स्पर्धा दोन दिवसांची, शनिवार-रविवार. आम्ही पहिल्या दिवसाचं काढलं, हलक्या वजनांचं. ह्यांना जडवाले बघायचे होते. मी म्हटलं, जड पैलवान कराडातही दिसतात.

लेक राहते निशिकासाईला. तिथे आपली माणसं इतकी आहेत की भाजीच्या दुकानात मराठी कानावर पडतं. तिथून तोझाई लाइनने इइदाबाशी, मग जेआरच्या पिवळ्या पट्ट्याच्या लोकलने सेंदागाया. इइदाबाशीच्या आधीचं स्टेशन कुदानशिता. गाडी तिथे थांबली तेव्हा मी ह्यांना कोपराने ढोसलं. वर निप्पॉन बुदोकान हे मोठं क्रीडागृह आहे. 1964 साली ज्युदो पहिल्यांदा ऑलिम्पिकमध्ये आला तो इथेच. आपलाच खेळ, आपलंच मैदान, सगळी पदकं आपलीच, अशा हिशोबाने जपानी मंडळी बसली होती, आणि खुल्या गटाच्या फायनलला अँटोन खेसिंक नावाच्या धिप्पाड डच माणसाने कामिनागाला खाली दाबून धरलं ते सोडलंच नाही. जिंकल्याबरोबर त्याचे लोक आनंदाने मॅटकडे धावले, तर त्याने हात वर करून त्यांना जागच्या जागी थांबवलं. हरलेला समोर उभा आहे, नमस्कार व्हायचाय अजून. हे ऐकून आमचे हे म्हणाले, "ह्याला म्हणतात पैलवान." तोवर इइदाबाशी आलं.

सेंदागायाला उतरलं की समोरच तोक्यो ताइइकुकान, म्हणजे महानगर व्यायामशाळा म्हणा. आत्ताची इमारत 1990 ची, फुमिहिको माकी यांची. लांबून बघितलं तर उन्हात चकाकणारं मोठं कासव बसल्यासारखं छप्पर. जुनी इमारत 1954 ची होती, 1964 ला तिथे जिम्नॅस्टिक्स झालं. नव्यात 2021 च्या ऑलिम्पिकचं टेबल टेनिस. आजूबाजूला गिंकोची पिवळी पानं पडलेली, आणि त्या पानांतून शाळकरी पोरांच्या रांगा चाललेल्या. प्रत्येक रांगेपुढे एक सर. सगळ्यांच्या जॅकेटवर शाळेचं नाव, सगळ्यांचे केस बारीक. ह्या पोरांवर नजर ठेवा, पुढे सांगते.

आत शिरल्यावर पहिलं वाटलं, काय हे, मुंग्या दिसतायत. वरची रांग ती वरचीच. पण कासच्या पठारावर फुलं बघायला घेतलेली दुर्बीण मी आठवणीने पिशवीत टाकली होती, ती दिवसभर कामाला आली. दुर्बीण न्याच. पडद्यावर मोठं दिसतं, पण पडद्यावर एकच लढत दिसते आणि खाली एकाच वेळी शेजारी शेजारी सगळ्या मॅटवर चालू असतात. वरून बघायचा फायदा हाच. मोठी भांडी चढवलेल्या लग्नाच्या स्वयंपाकघरासारखं, कुठे काय शिजतंय ते एका नजरेत कळतं.

आता मुद्द्याचं. बरेच लोक दुपारनंतर येतात, फायनल बघायला. फायनलला दिवे, संगीत, नावांची घोषणा सगळं असतं. पण खेळ सकाळचा. ह्या स्पर्धेत इतर देशांना एका वजनात दोनच खेळाडू उतरवता येतात, यजमानाला चार. म्हणजे 14 वजनांत जपानचे 56 जण. आणि जपानात ज्युदोचा पाचवा माणूससुद्धा दुसऱ्या कुठल्याही देशात पहिला असता. हे चौघे एकमेकांकडे पाहुण्यांपेक्षा जास्त बघत असतात, कारण पुढच्या जागतिक स्पर्धेला कोण जाणार ते बरंचसं अशाच ठिकाणी ठरतं. पदक मिळालं नाही तर नुसती हार नाही, वर्ष गेलं. सकाळच्या फेरीत ती भीती दिसते. संध्याकाळी फक्त जिंकलेले दिसतात.

48 किलोतली एक लढत सांगते. नाव नाही सांगत, बक्षीसही तिला मिळालं नाही. कॉलेजातली जपानी पोरगी, समोर मंगोलियाची. मंगोलियाची मोकळी उभी, खांदे सैल, बोख, म्हणजे त्यांची पारंपरिक कुस्ती, खेळलेल्या घरातली असावी असं वाटणारी. पहिली दीड मिनिटं फक्त हात. पकड घ्यायची, झटकायची. बाहीचं टोक हाताला लागू द्यायचं नाही, कॉलर लागली की मान फिरवून सोडवायची. दुर्बिणीतून त्या पोरीची बोटं दिसत होती. सगळ्या पेरांना पांढरी पट्टी, आणि तर्जनी पट्टीतसुद्धा वाकडी. माझीही उजवी तर्जनी तशीच आहे, पोळी लाटताना अजून बाजूला पळते.

हे वैतागले. "धरा की आता! काय बायकांनी भांड्यावरनं भांडल्यागत चाललंय?"

मग मी त्यांना दाखवलं. त्यांच्या नव्या स्वेटरची कॉलर उजव्या हाताने धरली, डावीकडे बाही कोपराजवळ पकडली आणि कॉलर वर, बाही आपल्याकडे, अशी एक हलकी ओढ दिली. ते खुर्चीवरून अर्धे उठले आणि पुढच्या रांगेवर पडता पडता राहिले. ह्यालाच कुझुशी म्हणतात: आधी तोल काढायचा, मग डाव. कुस्तीत अंगाला तेल-माती असते, धरायला काही नसतं, म्हणून तिथे ताकद आणि चपळाई मनगटात आणि कमरेत लागते. इथे कापड हाच दांडा आहे. दांडा हातात आला की 50 किलोची बाई 90 किलोच्या माणसाला हलवते. ह्यांनी कॉलर नीट केली, इकडेतिकडे बघितलं, आणि त्यानंतर दिवसभरात "धरा की" म्हणाले नाहीत.

तेवढ्यात खाली झालं. मंगोलियाच्या मुलीने बाही सोडवायला हात मागे ओढला, आणि तिच्याच ओढीबरोबर जपानी पोरगी आत घुसली. पाठ वळवली, गुडघे वाकवले, मंगोलियाची तिच्या खांद्यावरून गेली आणि पाठीवर पडली. आवाज वरपर्यंत आला. सपाट पाठ मॅटवर आपटते त्याचा आवाज वेगळा असतो, ओल्या गोधडीचा पिळा फरशीवर टाकल्यासारखा. इप्पोन. खलास. चार मिनिटांपैकी दोन शिल्लक होती.

"धोबीपछाड!" हे जागेवरून ओरडले. बरोबरच आहे. सेओइनागे म्हणजे धोबीपछाडच. उचिमाता म्हणजे आतली टांग, ओसोतोगारी म्हणजे बाहेरली टांग. एकेरी पट, दुहेरी पट मात्र ज्युदोत बंद. 2010 पासून पायाला हात लावण्यावर बंधनं आली आणि पुढे तो मार्गच बुजवला. ह्यांच्या मते ही मोठी चूक. मला अर्धं पटतं. पण कमरेतून उभं राहून खेळतात, वाकून डोकी लावून बसत नाहीत, ते त्यामुळेच.

गुण कसे मोजतात ते थोडक्यात, नाहीतर फलकावर काय चाललंय कळणार नाही. इप्पोन म्हणजे चितपट, खेळ संपला. वाझाआरी म्हणजे जवळजवळ चितपट, दोन झाले की इप्पोन. त्याखाली युको. माझ्या वेळी त्याच्याही खाली कोका होता, पाठीच्या नावाने नुसतं बूड टेकलं तरी मिळायचा. तो गेला. युको 2017 ला काढला होता, 2025 ला परत आणला. खाली दाबून धरलं तर 5 सेकंदांना युको, 10 ना वाझाआरी, 20 ना इप्पोन. चार मिनिटांत बरोबरी राहिली तर गोल्डन स्कोअर. तिथे घड्याळ उलटं चालायचं थांबून सुलटं चालू होतं आणि पहिला गुण होईपर्यंत चालतच राहतं. एका लढतीत ते इतकं चाललं की दोघी पट्टा बांधायच्या निमित्ताने श्वास घेत होत्या. पट्टा बांधायला किती वेळ लागतो ते मला माहीत आहे. एवढा लागत नाही.

आणि शिदो. म्हणजे ताकीद. तीन झाल्या की बाद. पकड टाळली, बाहेर ढकललं, डाव न करता वेळ काढला की शिदो. नियम बरोबर आहे, पण दिवसभरात किती लढती अशा संपल्या! एकजण जिंकतो, पण कोणी पडलेलंच नसतं. "निकाली पाहिजे," हे म्हणाले, "गुणांची कुस्ती म्हंजे बिनमिठाची आमटी." इथे आमचं एकमत. ज्यांना पहिल्यांदा बघायचंय त्यांना ह्याचा कंटाळा येईल हे आधीच सांगून ठेवते.

आमच्या डाव्या हाताला ऐंशीच्या आसपासचे एक आजोबा बसले होते. एकटे. मांडीवर कार्यक्रमपत्रिका, तिच्यावर शिसपेन्सिलीने प्रत्येक निकाल लिहीत होते. ह्यांच्या "धोबीपछाड" आरोळीने त्यांनी वळून बघितलं. रागावले की काय वाटलं. पण ते ह्यांच्या कानाकडे बघत होते. मग त्यांनी स्वतःची लोकरी टोपी वर सरकवली. तसाच कान. चिंबलेला, आत वळलेला, वाळक्या जर्दाळूसारखा. हे हसले, स्वतःचा कान धरून दाखवला. आजोबांनी दुसरा कान दाखवला. पुढची पाच मिनिटं दोन म्हातारे एकमेकांना कान दाखवत होते आणि लेक मोबाइलमध्ये तोंड घालून बसली होती.

शेवटी तिलाच मध्ये घ्यावं लागलं. आजोबा शाळेत ज्युदो शिकवायचे म्हणे. ह्यांनी तिला सांगितलं, "विचार त्यास्नी, इशी म्हाईत हाय का. हेलसिंकी, 1952."

आता ही गोष्ट आमच्याकडच्यांना सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी. कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी हेलसिंकीला ब्राँझ आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. त्या गटात सोनं घेतलं जपानच्या शोहाचि इशीने, आणि खाशाबा त्याच्याशी हरले. शेवटच्या दोन कुस्त्यांच्या मध्ये त्यांना दम घ्यायलाही वेळ मिळाला नाही, हे आमच्याकडे शाळेतलं पोरसुद्धा सांगेल. पण हा इशी मुळात ज्युदोवाला. युद्धानंतर अमेरिकनांनी जपानच्या शाळांतून ज्युदो बंद केला, म्हणून तो कुस्तीकडे वळला. ती बंदी नसती तर कदाचित तो कुस्तीच्या आखाड्यात आलाच नसता, आणि गोळेश्वरला काय रंगाचं पदक असतं कोण जाणे. हे मी एकदा वर्गात सांगितलं होतं, तर एक मुलगा म्हणाला, "बाई, मग चूक अमेरिकेची."

आजोबांना इशी माहीत होते. खाशाबा अर्थातच नव्हते. लेकीने मोबाइलवर फोटो काढून दाखवला. त्यांनी चष्मा वर करून बराच वेळ बघितला, आणि कार्यक्रमपत्रिकेच्या कडेला, निकालांच्या शेजारी, जपानीत काहीतरी लिहून घेतलं. काय लिहिलं ते लेकीलाही वाचता आलं नाही, अक्षर फार बारीक.

जेवणाचं: मी घरून ज्वारीच्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती. पीठ कराडचं. शाकाहारी असाल तर तुम्हीही न्या. कोन्बिनीत ओनिगिरी (भाताचे गोळे) मिळतात, त्यातली आंबट प्लमची चालून जाते, पण बाकी बहुतेकांत मासा कुठून ना कुठून येतोच. आजोबांनी संत्री दिली, आम्ही दशमी दिली. दशमी त्यांनी अर्धी खाल्ली आणि अर्धी रुमालात बांधली. आवडली म्हणून की नाही म्हणून, ते जपानी माणसाकडून कळत नाही. कचऱ्याचे डबे शोधू नका. साली, कागद सगळं पिशवीत घालून घरी आणायचं. बायकांच्या स्वच्छतागृहाबद्दल एकच वाक्य: जिल्हा क्रीडा संकुल बांधणाऱ्या प्रत्येकाला इथे एकदा आणून दाखवावं.

आता त्या शाळकरी पोरांकडे येते. ती सगळी वर, आमच्याच बाजूला बसली होती, मुलं आणि मुली. सर मध्येच काहीतरी बोलले की सगळे मिळून एका मॅटकडे बघायचे. एक मुलगी, बारा-तेरा वर्षांची असेल, लढत बघता बघता नकळत हात हलवत होती. उजवा हात कॉलर धरल्यासारखा, डावा बाहीला. तिच्या पाठीमागे बसलेला मुलगा तेच करत होता.

ते बघून मला आमचं जिल्ह्याचं मैदान आठवलं. मुलींच्या लढती सकाळी साडेसातला ठेवायचे. पाहुणे दहाला यायचे. म्हणजे पाहुणे यायच्या आत मुलींचं "उरकून घ्या". वजनकाटा किराणा दुकानातून आणलेला, त्यावर मी एकदा 51 किलो भरले आणि वरच्या वजनात ढकलले गेले. नंतर घरी येऊन धान्याच्या काट्यावर बघितलं तर 48 ला वाटीभर कमीच. प्रेक्षक म्हणून चार आया आणि एक कुत्रं.

ही टोकियोची स्पर्धा तरी कुठे पहिल्यापासून सगळ्यांची होती? ज्युदो सुरू करणारे कानो जिगोरो यांच्या नावाने 1978 ला ती सुरू झाली तेव्हा फक्त पुरुषांची. बायकांची वेगळी, फुकुओकाला, 1983 पासून. तिथेच 1990 साली, पंधरा वर्षांची, 48 किलोतली रिओको तामुरा जिंकली, पुढे लग्नानंतर तानी. तिचं पेपरातलं कात्रण माझ्या वहीच्या पुठ्ठ्यात होतं, उंची माझ्याएवढीच म्हणून. बार्सिलोनाला रौप्य, अटलांटाला रौप्य, मग सिडनी आणि अथेन्सला सोनं. फुकुओकाची स्पर्धा 2006 ला थांबली, 2007 पासून बायका टोकियोत पुरुषांबरोबर आल्या, आणि 2009 पासून ह्याला ग्रँड स्लॅम म्हणतात. तिकडे अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यात, रस्टी कानोकोगी नावाची बाई 1959 साली पुरुष असल्याचं भासवून खेळली, जिंकली, आणि बाई आहे कळल्यावर तिचं पदक काढून घेतलं. तिनेच 1980 ला बायकांची पहिली जागतिक स्पर्धा भरवून दाखवली. ऑलिम्पिकमध्ये बायकांना पदकं मिळायला 1992 उजाडलं. जपानात तर बायकांच्या काळ्या पट्ट्यावर मधोमध पांढरी रेघ असायची, बाईचा पट्टा म्हणून ओळखू यावा यासाठी. आमच्या सरांनी तसा एक पट्टा जपून ठेवला होता आणि आम्हाला तो फार सुंदर वाटायचा. आता वाटत नाही.

इथे दिवसभर बघितलं ते असं: इकडच्या मॅटवर 52 किलोच्या मुली, पलीकडे 66 चे मुलगे. वेळ दोघांना चारच मिनिटं (पुरुषांना 2017 पर्यंत पाच होती). पुरुषांच्या लढतीला बाई पंच, कोणी मान वळवून बघत नाही. ह्याच दोन वजनांत टोकियो ऑलिम्पिकला, 25 जुलै 2021 ला, एकाच दिवशी, बुदोकानमध्ये ऊता आबे आणि तिचा भाऊ हिफुमी या दोघांनी सोनं घेतलं होतं. सख्खी भावंडं, एकाच मॅटवर. आपल्याकडे मणिपूरची सुशीला देवी त्याच ऑलिम्पिकला 48 किलोत खेळली, आणि मणिपूरचीच लिंथोई 2022 ला सारायेवोत कॅडेट (18 वर्षांखालच्या) गटात जगज्जेती झाली. आमच्या जिल्ह्यातून अजून कोणी नाही. मॅट मात्र आता चांगले आहेत.

फायनलबद्दल फारसं लिहायला नाही. सकाळी ट्रॅकसूटमध्ये असलेले कोच सूट-टाय घालून येतात, ते एक बघण्यासारखं. खुर्चीवर बसून त्यांना एरवी तोंड उघडायचं नसतं, पंच "मात्ते" म्हणून थांबवतील तेवढ्यातच बोलायचं. एका कोचबाईने मात्ते झाल्याबरोबर तीन सेकंदांत जे ओरडून घेतलं, ते मी शाळेत पूर्ण तासात बोलले नसते. जपानी जिंकले, काही पाहुणेही जिंकले, राष्ट्रगीत बरेचदा एकच वाजलं. तोवर लेकीची आणि माझी पाठ धरली होती. आजोबा मात्र शेवटपर्यंत लिहीत होते. आपली 48 ची पोरगी पुढच्या फेरीत तीन शिदो घेऊन गेली. बाहेर जाताना तिने मॅटच्या कडेला थांबून नीट वाकून नमस्कार केला, आणि बोगद्यात शिरेपर्यंत चेहरा हलू दिला नाही. दुर्बीण तेवढ्यापुरतीच होती, आत काय झालं ते दिसलं नाही.

कोणी जावं? खेळलेल्यांनी जावंच. कुस्तीवाल्यांनी जावं, भांडायला भरपूर मिळतं. लहान मुलं असतील तर दोन तास पुरे. ज्यांना क्रिकेटसारखी सारखी टाळी हवी त्यांनी फुजी बघावा. सकाळी लवकर पोचा, वरची स्वस्त जागा घ्या, दुर्बीण आणि डबा न्या, आणि दुपारी चारला निघून आलात तरी काही बुडालं असं समजू नका.

दुसऱ्या दिवसाच्या तिकिटाला लेकीने साफ नाही म्हटलं. त्याऐवजी सोमवारी संध्याकाळी कोदोकानला, म्हणजे कानोंनी काढलेल्या ज्युदोच्या मूळ संस्थेत गेलो, कासुगा स्टेशनजवळ. तिथे पैसे लागत नाहीत. दारात कानोंचा पुतळा आहे. 1882 साली त्यांनी एका देवळात 12 तातामींवर (गवती चटयांवर) सुरुवात केली होती. आता सातव्या मजल्यावरच्या मोठ्या दोजोत (सरावाच्या दालनात) चारशेच्या वर आहेत. आठव्या मजल्यावर बसून सराव बघता येतो. पांढऱ्या केसांचे, पोरं, बाया, परदेशी, सगळे एकाच जागी एकमेकांना आपटत होते. हे तासभर गप्प बसून होते. शेवटी म्हणाले, "तालीम हाय ही." ह्यांच्याकडून याहून मोठं प्रशस्तिपत्र मी लग्नापासून ऐकलेलं नाही.

ह्यांच्या त्या स्वेटरची उजवी बाही आता डावीपेक्षा बोटभर लांब आहे. लेक म्हणते मशीनमध्ये ताणली असेल. मी काही बोलले नाही.